वीतभर अण्णा

ती. ताईस,

धाकट्याचा कोपरापासून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे ठीक. फक्त जेवणाच्या टेबलाचं पॉलिश गेलं आहे, आणि त्याचीच हकीकत सांगायला बसलो आहे.

निवृत्तीनंतर मी हिच्या स्वयंपाकात लक्ष घालू लागलो, तेव्हा हिने मला डॉक्टरांकडे नेलं. (तपासणी माझी, तक्रार हिची.) डॉक्टर म्हणाले, मन शांत होईल असा छंद लावून घ्या. माळ्यावर चिरंजीवांच्या खेळण्यांचं खोकं होतं: वीतभर उंचीचे योद्धे, राक्षस, परग्रहावरचे सेनापती. जुना रंग उतरवायचा, हातपाय बदलायचे, नवा रंग द्यायचा. हल्ली मोठी माणसंही हे करतात म्हणे. पहिल्या दिवशी थिनरने एका योद्ध्याचा रंग उतरला आणि त्याच्याखालच्या टेबलाचाही. दुसऱ्या दिवशी त्याला राक्षसाचा हात चिकटवायला गेलो, तर अख्खा योद्धाच माझ्या अंगठ्याला चिकटला. संध्याकाळी इमारतीची सभा होती. जिन्याला पिवळा रंग द्यावा म्हणून मी हात वर केला, तर अध्यक्षांनी दोन मतं मोजली. (जिना पिवळा झाला. एका मताने.)

तिसऱ्या आठवड्यात हात बसला. खोक्यात एक दुष्ट सेनापती होता, एका डोळ्यावर लाल नळी असलेला. नळी काळी केली, शिरस्त्राण कापलं, डोकं घासून गुळगुळीत केलं. दुसऱ्या डोळ्यात बुबुळाचा ठिपका द्यायला श्वास रोखला, आणि ताई, असा श्वास कोण रोखायचं ते एकदम आठवलं. अण्णांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान! गिऱ्हाईक समोर बसलं की दोघांचे गुडघे एकमेकांना लागायचे, एवढंसं. शाळा सुटली की आपण पायरीवर बसायचो. अण्णा केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून म्हणायचे, "आता कुणी शिंकायचं नाही," आणि तुला नेमकी तेव्हाच शिंक यायची. मग तिघंही रांगत स्प्रिंग शोधायचो. ते कधी रागावले नाहीत. उलट ती सापडली की स्वतःच्या डोळ्यावरचं काळ्या नळीचं भिंग काढून आपल्या दोघांच्या डोळ्याला लावून द्यायचे.

मग सेनापती राहिला बाजूला. दोन दिवस खपून मी त्याचे अण्णा केले. ही चहा घेऊन आली आणि कप हातात धरून तशीच उभी राहिली. "अहो, हे तर सासरे माझे!" म्हणाली आणि पदर सावरला. चिरंजीवांना फोटो पाठवला, तर लगेच फोन. "बाबा, तो विश्वाचा शत्रू होता!" म्हटलं, "आता घड्याळं दुरुस्त करतो." तो खूप हसला. मग म्हणाला, "आजोबा असे दिसायचे?" त्याने त्यांना कुठे पाहिलंय!

भाऊजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा धाकटा

ता. क. एक काम होतं. अण्णांचा स्वेटर रंगवायचा राहिलाय. फोटो सगळे काळेपांढरे. ही म्हणते तपकिरी, मी म्हणतो बाटलीहिरवा. स्वेटर तुझ्याकडे आहे. (तू तो नेलास म्हणून मी दोन वर्षं तुझ्याशी धड बोललो नव्हतो, ते जाऊ दे.) त्याचा बोटभर धागा पाकिटातून पाठव.

आणखी ता. क. धागा ओढू नकोस, उसवेल. स्वेटरच घेऊन ये.

शेवटचा ता. क. हिने पत्र वाचलं. म्हणते, रंग तुम्हाला पक्का ठाऊक आहे, मीही हिरवाच म्हटलं होतं. ताईंना सरळ 'ये' म्हणून लिहायला काय होतं? तर ताई, ये.