हॅवलॉकचा मुक्काम

३ नोव्हेंबर

अंदमान! जेवताना हे एकदम म्हणाले, "या वेळची एल.टी.सी. अंदमानला घेऊ." माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. रिटायर व्हायला वर्ष उरलंय. आजवर कारखान्याच्या या प्रवास-सवलतीवर दरवेळी नागपूर, फार तर पुरी. "सेल्युलर जेल बघायचाय," म्हणाले. बरं.

वंदना तिथेच असते — हॅवलॉक बेटावर. तपनशी लग्न केलं त्याला सहा वर्षं झाली. मुलगा बंगाली, तिथलाच. दोघं मिळून पाच खोल्यांचं गेस्टहाऊस चालवतात. हे लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून लेकीशी एक शब्द नाही. मी दुपारी फोनवर बोलते. यांना ठाऊक आहे. विचारत नाहीत.

५ नोव्हेंबर

मुक्काम फक्त पोर्ट ब्लेअरला. सगळे दिवस! "हॅवलॉकला काय आहे? वाळू."

९ नोव्हेंबर

जवाहर चौकात ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "अंकल, अंदमान जाके हॅवलॉक नहीं गए तो लोग हँसेंगे." हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठीक है. सुबह जाके शाम को वापस."

येताना मी भाजी घेतली. कुठली घेतली, ते घरी येऊन पिशवीत बघितलं.

१४ नोव्हेंबर

हॅवलॉकला एक रात्र राहायचं! का, तर मला बोट लागते म्हणे, एका दिवसात दोनदा नको. मला! भोपाळच्या मोठ्या तलावाखेरीज बोटीत बसलेय कुठे मी?

मग हॉटेल. समोरच्या क्वार्टरमधली सुधा गेल्या साली जाऊन आली. तिने राधानगरच्या किनाऱ्यावरचं सुचवलं. "लांब पडतं," हे म्हणाले. कशापासून लांब, ते सांगितलं नाही. धक्क्याजवळचं — "गोंगाट असणार." तिसरं विजयनगरचं. नकाशा बराच वेळ बघत बसले. मग अगदी सहज, "इथून ते गोविंदनगर किती असेल?"

वंदनाचं घर गोविंदनगरला. "जवळच," मी म्हटलं. मान डोलावली, पेपर उघडला.

१५ नोव्हेंबर

विजयनगरचंही नको. एसीने सर्दी होते.

१८ नोव्हेंबर

चहा घेताना — "त्यांच्याकडे खोल्या कशा आहेत?" 'त्यांच्याकडे.' नाव नाही घेतलं. मी म्हटलं, साध्या आहेत, स्वच्छ आहेत, मागे सुपारीची बाग आहे.

"राहायचं तर गिऱ्हाईक म्हणून. सगळ्यांना लावतात तोच भाव. पाहुणचार नको, जेवण बाहेर."

बरं म्हटलं.

"आणि फोन मी करीन. तू मधे पडू नकोस."

दिवसभर केला नाही.

२१ नोव्हेंबर

केला! कारखान्यातून आले, बूटसुद्धा काढले नाहीत, सरळ फोनपाशी. मी गॅस बंद करून स्वयंपाकघरात उभी.

"हॅलो, भोपाळहून वसंत मोहरील बोलतोय. डिसेंबरात डबल रूम हवी होती, एक रात्र. एकोणीस तारखेला."

मग काहीच नाही. मला वाटलं, लाइन गेली.

"हो. मीच." रिसीव्हर या कानाचा त्या कानाला. "अगं, रडतेस काय? रूमचं बोल." मग, "एकही नाही? पाचही भरल्या? अगं पण… बरं. बरं. बघू."

फोन ठेवून तिथेच बसले. म्हणाले, "सीझन आहे म्हणते. खोली नाही. घरात राहा म्हणते, आमच्यातच."

"मग दुसरं हॉटेल बघायचं?" मी विचारलं.

चिडले! "आता आयत्या वेळी कुठे मिळणार दुसरं?"

जेवताना म्हणाले, "तपनला कारल्याचं लोणचं चालेल का? करून घे थोडं." तपन! सहा वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं. मी आणखी भात वाढला. नको म्हणाले नाहीत.

२२ नोव्हेंबर

दुपारी मी वंदनाशी बोलले. त्या आठवड्यात तिच्या पाचही खोल्या रिकाम्या आहेत.

"बाबांना सांगू नकोस हं, आई."

छे! मी कशाला सांगतेय?