थोरलीच्या पंखाला पडलेलं भोक

तीर्थरूप मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार. (वाकलेलीच आहे. आठवडाभर विमानाच्या पोटाखाली काम केल्यावर कंबर सरळ होत नाही.) तुमचा गुडघा, मामींचं ब्लडप्रेशर आणि रेडिओच्या आवाजावरून तुम्हा दोघांचा वाद, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे मी ठीक, संग्रहालय ठीक, थोरली मात्र अडचणीत आहे. (म्हणजे हवाई दलात तुम्ही ज्याची देखभाल करायचात ते जुनं लढाऊ विमान. मामी तिला अजून सवतच म्हणतात का?)

त्याचं असं झालं, आमच्याकडे एकाच जातीची दोन विमानं आहेत आणि नव्या दालनात जागा एकाचीच. दुसरं भंगारात जाणार. कुठलं ते शुक्रवारी समिती येऊन ठरवणार. ते दुसरं चकचकीत, सगळं जागच्या जागी. आपल्या थोरलीचं एक चाक उसनं आणि काच तडकलेली, तेव्हा तिचं काही खरं नव्हतं. एवढ्यात जुना रंग खरवडताना डाव्या पंखावरचं ठिगळ निघून माझ्या हातात आलं आणि खाली तळहाताएवढं वेडंवाकडं भोक दिसलं. संचालकांनी त्यात बोट घालून पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हिने गोळी खाल्ली आहे." झालं. भोकाचा फोटो त्यांच्या टेबलामागे लागला, समितीला पत्र गेलं, भोकावर दिवा कुठून सोडायचा तेही ठरलं. मी गप्प बसले. ते भोक कशाचं हे आपल्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुम्ही शिडी नीट न टेकवता सोडलीत आणि तिचा लोखंडी कोपरा पंखात घुसला, हे मामींनी आजवर एकाही लग्नात सांगायचं सोडलेलं नाही. खोटं मला रुचत नाही, म्हणून फलकावर 'शत्रूची गोळी' असं न लिहिता 'सेवेत असताना झालेली जखम' लिहायचं, एवढं मी भांडून कबूल करून घेतलं. (तुम्ही तेव्हा सेवेतच होतात.)

मग संचालक रजेवर गेले. आमच्याकडे पत्र्याचं काम करतात ते नाजूकराव (देह पैलवानाचा, नाव हातावरून पडलं). भोक राखायचं आहे, हे आम्ही सगळ्यांना सांगितलं, फक्त त्यांना सांगायचं राहिलं, कारण बैठक चालू असताना ते शेपटाकडे ठोकाठोक करत होते. मी दुपारी जेवून येते तो भोक गायब. बुजवून, घासून, वर रंगाचे हात मारून मोकळे. इतकं बेमालूम की आता त्यांचं त्यांनाही सापडत नाही. मी त्यांना सांगितलं तेव्हा ते रंगाच्या डब्यावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मलाही फार वाईट वाटलं, कारण काम खरोखर सुरेख झालं होतं.

पुन्हा भोक पाडायचं ठरलं. नाजूकरावांनी तीनदा हातोडा उचलला, तीनदा खाली ठेवला. चाळीस वर्षं पत्रा सरळ केलेला हात, वाकडा करायला धजेना. शेवटी मी ड्रिल लावलं, तर दारावरच्या बेलसाठी पाडतात तसं गोल गरगरीत भोक पडलं. इतका टापटिपीचा शत्रू समिती काही मान्य करणार नाही. (तेही नाजूकरावांनी मला न विचारता बुजवलं.)

बाकी सगळं क्षेम. मामींना नमस्कार, मांजराला गोंजारणे.

तुमची भाची

ता. क. संचालकांनी तुम्हाला शुक्रवारी समितीपुढे दोन शब्द बोलायला बोलावलं आहे. खोटं बोलू नका, नुसतं कमी बोला. मामी आल्या तर त्यांना मी चहाच्या टेबलाशी गुंतवून ठेवीन.

आणखी ता. क. शुक्रवारी नको, बुधवारीच या. संचालक गुरुवारी परततात. तुमची ती शिडी थोरलीबरोबरच इथे आली होती, कोठारात सापडली. तिचा कोपरा मी फोटोतल्या भोकाशी ताडून पाहिला, बरोबर जुळतो. थोरली भंगाराच्या गाडीत चढलेली मला बघवणार नाही, मामा.

अगदी शेवटचं. त्या दिवशी साहेबांनी सगळ्या तुकडीसमोर तुमची खरडपट्टी काढली आणि तेव्हापासून तुम्ही शिडीला हात लावत नाही, घरातला बल्बसुद्धा मामीच बदलतात, हे मला माहीत आहे. या वेळी शिडी खुशाल सोडा. कोणी काही बोलणार नाही. नाजूकरावांना तेवढं मी बाहेर पाठवते.