बिघाड नसलेला हात

प्रति,
मा. समाजकल्याण अधिकारी,
जिल्हा परिषद, बुलढाणा

अर्जदार : शेषराव तुळशीराम चोपडे, मु. पो. वडनेर भोलजी

विषय : उजव्या कृत्रिम हातात बिघाड होता, असा लेखी दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : हात तपासून आपल्या कार्यालयात आल्याचे पत्र.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदाराचा उजवा हात जिनिंगमध्ये सरकी काढणाऱ्या रेच्यात सापडून कोपराखाली तुटला. पुढे आपल्या कार्यालयामार्फत बॅटरीचा, स्नायूंवर चालणारा हात मिळाला. उरलेल्या हाताचे आतले स्नायू आवळले की तो मिटतो, बाहेरचे आवळले की उघडतो. गेली कैक वर्षे बादली, विळा, औताची मूठ, सारे अर्जदार त्यानेच धरतो. घाम आला की हात ऐकत नाही, म्हणून पत्नी गोजरबाई रोज सकाळी थोटा भाग कोरडा पुसून तो चढवून देत असत.

गेल्या वैशाखात धाकट्या मुलीला देऊळगाव राजाचे स्थळ आले. इतक्या लांब मुलगी द्यायला गोजरबाईंचे मन घेईना. अर्जदाराने परस्पर होकार कळवला व एके सकाळी बोलणे वाढले तेव्हा "तुले कोन इचारते" असे म्हटले. त्या दिवशीही हात त्यांनीच चढवून दिला. दुपारी दोघे माळवदावर वाळवण आवरत होते. गोजरबाई उतरू लागल्या आणि शिडी सरकली. अर्जदाराने डाव्या हाताने कठडा धरून उजव्याने त्यांचे मनगट पकडले. पकड घट्ट बसली होती. त्या वर पाहत होत्या. मग हात उघडला. त्या अंगणात पडल्या व मांडीचे हाड मोडले.

अर्जदाराने आपल्या कार्यालयामार्फत हात तपासणीस पाठवला. उत्तर असे की, बॅटरी भरलेली, तारा शाबूत, बिघाड काही नाही. स्नायूंचा इशारा मिळाल्याखेरीज हा हात उघडत नाही. महोदय, इशारा देणारा अर्जदारच. तो घामाने गेला, भीतीने गेला, की सकाळचा राग अंगात होता, हे अर्जदारास आजही सांगता येत नाही. गोजरबाई मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "हात सुटला. त्यायनं नाई सोडलं मले." ते ऐकले की अर्जदार उठून गोठ्यात जातो. स्थळाला त्याने नकार कळवला आहे.

तरी बिघाड होता, असा दाखला द्यावा. ते शक्य नसल्यास, घामाने असे घडू शकते, एवढे तरी लिहून द्यावे. तेही नियमात बसत नसल्यास हात कार्यालयातच ठेवून घ्यावा, अशी विनंती अर्जदार करणार होता.

परंतु काल डॉक्टरांनी गोजरबाईंना दोन्ही बाजूंनी आधार देऊन उभे करण्यास सांगितले. त्यांचे भाऊ उकंडराव पुढे झाले. त्यांना थांबवून त्या अर्जदारास म्हणाल्या, "तो हात घिऊन या. मी त्यालेच धरून उठीन." त्या हाताचा भरवसा नाही, असे अर्जदाराने सांगून पाहिले. त्यावर त्या म्हणाल्या, "आता मी धरीन. तुमी नका धरू."

सबब, दाखल्याचा विचार सवडीने व्हावा. हात नेण्यास अर्जदार सोमवारी पहिल्या एस.टी.ने येत आहे. कृपया तो काढून ठेवावा. गोजरबाई अद्याप खाटेवरून उठलेल्या नाहीत.

आपल्या दारी येणारा,
शेषराव तुळशीराम चोपडे
(सही डाव्या हाताची)
दि. १४ जुलै २०१८

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी