वर्ग मी पाहतो

ती. सिंधूताईस,

कन्हानला सगळे खुशाल आहेत असं धरून चालते. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींनी गोड सोडलं की फक्त तुझ्यासमोर सोडलं? (हे त्यांना वाचून दाखवू नकोस.) फोनवर तू "मांजरच तर होती वं" म्हणतेस आणि मला पुढे बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

रंगू गेल्यापासून एका जागी बसवत नाही बघ. धुतलेलेच कपडे परत धुते, दूध गॅसवर ठेवून गच्चीत जाते (पातेलं गेलं, तू दिलेलंच). सोमवारी पाचवीच्या वर्गात भागाकार करून दाखवला आणि उत्तराच्या जागी 'रंगू' लिहिलं. मुलं खो खो हसली. मी फळ्याकडे तोंड करून उभी, वळताच येईना.

तेवढ्यात सोनिका उठली. (मुख्याध्यापकांच्या डब्यात बेडूक सोडणारी ती हीच.) म्हटलं, आता हिची काय नवी खोडी! तर जवळ येऊन हळूच म्हणते, "मॅडम, रडू येऊन राहिलं का? रडून घ्या. वर्ग मी पाहतो." मला कपाटाआड खुर्चीवर बसवलं आणि वर्गाला हुकूम सोडला, "सतराचा पाढा! जोरात म्हना, मॅडमचा आवाज बाहेर नाही गेला पाहिजे!"

पोरं छप्पर उडेल अशी ओरडायला लागली. पाढा चुकीचा, पण मनापासून. तो गोंगाट ऐकून मुख्याध्यापक मनोहरराव सर धावत आले, तर ही दारात हात पसरून उभी. "सर, पेपर चालू हाये, आवाज नका करू." आणि ताई, ते चक्क चवड्यांवर परत गेले!

मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "आमची बकरी मेली तवा मी मायच्या पदरात रडली. तुमाले माय नाही का?" मी 'नाही' म्हणून मान हलवली. तिनं थोडा विचार केला आणि आपल्या शर्टाचं टोक पुढे केलं. शाईनं माखलेलं होतं. मी घेतलं. त्या दिवशी नाकावर निळा डाग घेऊनच घरी आले आणि कितीतरी दिवसांनी झोपले.

पण आता कानाला खडा. यापुढे घरात जनावर नाही म्हणजे नाही.

तुझी,
अस्मिता

ता. क. : पाकीट चिकटवणार तोच सोनिका कोंबडी घेऊन दारात. "मॅडम, हे सगळ्याइले चोच मारते, हिले कोनी घेत नाही. तुमाले करमन."

आणखी एक : कोंबडी रात्री कुठे झोपवतात ते लगेच कळव. माझ्या उशीवरून उठायला तयार नाही.