एकाच गोधडीतला गोवर

आई, परवा धाकटीला घेऊन पुण्याला गेले होते. तिच्यासारख्यांच्या, म्हणजे डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या घरच्या माणसांसाठी एका डॉक्टरांचं व्याख्यान होतं. ते ऐकताना मला कोल्हारचा तो गोवर आठवला.

बहात्तरच्या दुष्काळाआधीचा हिवाळा. आम्हा दोघींच्या अंगावर बरोबरच पुरळ उठलंय आणि तू दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचलायस. मी लवकरच बरी होऊन बोरं वेचायला पळाले. धाकटीचं पुरळ मावळलं, पण छाती भात्यासारखी चालायला लागली, ओठ जांभळे पडले. चुलती म्हणाली, "पोटुशी असताना गिरनात काय तरी चिरलं असशील तू, म्हनून पोर अशी निपजली. आता देवी कोपली." तू धाकटीला कडेवर घेतलंस, माझा हात धरलास आणि श्रीरामपूरची एसटी गाठलीस.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. तू खाटेच्या कडेला बसून राहिलीस. ती डोळे उघडून माझ्याकडे बघून हसली, तेव्हा कुठे तू डॉक्टरीणबाईंना विचारलंस, "बाई, दोघी एका ताटात जेवत्यात, एका गोधडीत निजत्यात. गोवर बी एकच. मग हिलाच एवढं का?"

"या मुलांना साधा आजारही जड जातो. का ते मला माहीत नाही."

"मग कुनाला माहीत हाय?"

"अजून कुणालाच नाही."

मला वाटलं तू रडशील. पण परतताना एसटीत तू हलक्या आवाजात म्हणालीस, "कुनालाच ठाव न्हाई, तर तुझ्या चुलतीला कसं ठाव असंल?" आणि कितीतरी दिवसांनी तुला हसताना पाहिलं.

आता थोडं कळलंय, आई. शरीरात विषाणू शिरला की पेशी एकमेकींना हाक देतात. ती हाक ऐकणारे कान ज्या गुणसूत्रावर ठरतात, ते हिच्याकडे एक जास्त आहे. म्हणून हिच्या शरीराला हाक फार मोठ्याने ऐकू येते. मग ते घाबरून स्वतःच कानांवर हात ठेवतं आणि पुढची हाक नीट ऐकूच येत नाही. लढणाऱ्या पेशीही मुळात कमी. सगळं अजून उलगडलेलं नाही, असंही डॉक्टर म्हणाले. ग्रहणाचा त्यात काही संबंध नाही. तू असतीस तर त्यांना संध्याकाळपर्यंत सोडलं नसतंस.

धाकटी आता पन्नाशीच्या पुढे गेलीय. केस पिकलेत, खोकला झाला की मी अजून तिच्या उशाशी बसते. व्याख्यानभर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून पेंगत होती.

हे पत्र कुठे धाडणार? पण तुला म्हणून सांगते, मी कारण ऐकायला गेलेच नव्हते. हिच्या वाट्याला अजून किती वर्षं आहेत, एवढंच मला विचारायचं होतं. डॉक्टर समोर आले, "काही शंका?" म्हणाले, आणि मी मान हलवून नाही म्हटलं.