कोण म्हणालं, कोणाला

प्रिय टपालबाई,

या नावाने तुला हाक मारून किती वर्षं झाली कोण जाणे. आता तू ऑफिसात दहा जणांवर हुकूम सोडतेस, तिथे हे पत्र उघडलंस तर आजूबाजूला बघून घे. पण आज मला दुसरं नाव सुचत नाहीये. घर आवरायला घेतलंय असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे रोज ताईच्या खोलीत जातो, खिडकी उघडतो आणि परत येऊन बसतो. तिचा चष्मा अजून उशीजवळच आहे. तो उचलून कुठे ठेवायचा ते मला कळत नाही.

तू निघालीस तेव्हा टॅक्सी खाली उभी होती. बुटाची नाडी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता तू विचारलंस, "मामा, शेवटी आईने माझं नाव घेतलं का रे?" मी "नाही" म्हणालो. तू नाडीची गाठ आवळलीस आणि बॅग उचललीस. आधीच तुमचा दोन वर्षांचा अबोला, त्यात तू पोचलीस तेव्हा सगळं आटोपलेलं, आणि वर माझं हे "नाही". मी खोटं बोललो नव्हतो. तिने तुझं नाव घेतलं नव्हतं. तरीही तेव्हापासून घास गोड लागत नाही.

तुझा पहिला शब्द कोणता होता हे तुला शंभरदा सांगून झालंय, तरी आज पुन्हा ऐक. तुझे बाबा तू रांगायच्या आत गेले आणि मी सामानसुमान घेऊन तुमच्याकडे राहायला आलो. एका संध्याकाळी मी दारात छत्री झटकत होतो आणि तू स्पष्ट म्हणालीस, "मामा." मी हवेत. ताई मात्र भडकली. "नऊ महिने वागवलं मी, आणि हाक मारते या बंड्याला!" वरवर हसली, पण तिला लागलं होतं. आम्ही दोघंही शब्दकोशाच्या कचेरीत होतो, आणि तिथे शब्दांची कुळं शोधायचं काम तिच्याकडेच होतं. दुसऱ्या दिवशी सगळं बाजूला सारून ती त्याच शब्दामागे लागली आणि घरी आली ती जिंकल्यासारखी. ज्या भाषांची एकमेकींशी ओळखदेखील नाही, अशा कितीतरी भाषांत मामा म्हणजे आई. जॉर्जियन भाषेत तर मामा म्हणजे चक्क बाप. जपानी बाळ काहीसं तसंच म्हणतं तेव्हा त्याला खायला हवं असतं, आपल्या बाळांच्या मंमंसारखं. "यांच्यात नातंगोतं काही नाही," ताई म्हणाली. "बाळाचे ओठ मिटतात, उघडतात. जो पाळण्यावर वाकलेला असतो तो ती हाक आपल्या नावावर लावून घेतो. तेव्हा उगाच फुशारू नकोस. अर्ध्या जगाच्या हिशेबाने तिने मलाच हाक मारली." मी म्हणालो, आपण उरलेल्या अर्ध्यात राहतो त्याला मी काय करू. त्यावरून दोन दिवस अबोला.

आमचे अबोले तुला ठाऊकच आहेत. ताईचा राग नाकाच्या शेंड्यावर, माझाही काही कमी नाही, आणि बसायची खोली एकच. मग मध्ये तू. "मामाला सांग, चहा गार होतोय." "आईला सांग, ऐकू आलं." या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत तू दुडुदुडु धावायचीस, निरोप अर्धा विसरायचीस, आणि पुढे पुढे तर निरोपामागे एक बिस्किट मागायला लागलीस. टपालबाई हे नाव तेव्हाचं. तू शिकायला बाहेर गेलीस आणि आमचं रुसणंच बंद पडलं. निरोप न्यायला कोणी नसेल तर रुसून करायचं काय?

आमच्या कचेरीतल्या साहेबांचा एक दंडक होता. बाहेर कुठे नवा शब्द कानावर पडला की कार्डावर आधी लिहायचं, कोण म्हणालं आणि कोणाला म्हणालं. अर्थ सगळ्यात शेवटी, तोही पेन्सिलीने. कोणी अर्थ आधी लिहिला की साहेब कार्ड परत करायचे. म्हणायचे, "अर्थ कुठे पळून जात नाही, माणसं जातात." अख्खी नोकरी मी तशी कार्डं भरण्यात घालवली.

ताईला मेंदूचा झटका आला आणि तिची वाचा गेली. एवढ्या भाषांतले शब्द बाळगणारी बाई, आणि तिच्याजवळ उरला एकच: मामा. वाचा-उपचार करणाऱ्या बाई फार मायेच्या होत्या. त्या म्हणाल्या, "या आजारात कधीकधी एखादाच शब्द उरतो. त्याला अर्थ असेलच असं नाही." रात्रपाळीची नर्स म्हणायची, "आईला हाक मारतायत, शेवटी सगळे आईलाच बोलावतात." मला मात्र वाटायचं, मलाच म्हणतेय. तिने शब्द उच्चारला की मी तिचा हात धरायचो आणि सांगायचो, आहे गं ताई, मी इथेच आहे. ती हात सोडवून घ्यायची आणि तोंड फिरवायची. दुखत असेल, असं मी मनाशी म्हणायचो. शेवटच्या दुपारी मी संत्रं सोलून वाटीत दिलं. तिने एक फोड उचलली आणि माझ्याकडे नाही, पलंगाच्या कडेला, खाली, रिकाम्या हवेत धरली. म्हणाली, "मामा." मी वाकून ती घेतली आणि खाल्ली. रांग मोडून पुढे घुसलेल्या माणसाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

काल जिन्यात वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर भेटली. माझा पेपर चुकून तिच्याकडे गेला होता. ती मला नेहमी सर म्हणते. काल तिने पेपर लेकाच्या हातात दिला आणि त्याला म्हणाली, "जा, आजोबांना दे." मी पेपर घेतला आणि तिथेच पायरीवर बसलो. ताईने मला जन्मात कधी मामा म्हटलं नव्हतं गं. मी तिचा बंड्या. फार चिडली तर "अहो शहाणे". मामा हा शब्द तिच्या तोंडी फक्त तू समोर असलीस की यायचा. मामाला सांग. मामाला विचार. मामाला दे. एवढी कार्डं भरली, आणि ताईच्या शब्दाचा अर्थ मी आधी लिहून टाकला, कोणाला म्हणाली ते बघितलंच नाही. ती फोड तिने धरली होती तुझ्या तेव्हाच्या उंचीला. वाचा-उपचारवाल्या बाईंना हे पटणार नाही कदाचित. नाही तर नाही. इतके दिवस ती माझ्याशी नाही, तुझ्याशी बोलत होती, आणि मी आपला मध्येच ओ देत होतो. तिने तुझं नाव घेतलं नाही हे खरंच आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाचं नाव कोण घेतं? एवढंच सांगायला हे पत्र लिहिलं. ती संत्र्याची फोड माझ्यापर्यंत तुझ्या हातून यायची होती.

आता ज्याला या नावाने ओळखणारं तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही, तो तुझाच

मामा