तात्यांच्या गोठ्याचा वास

मलकापूर, मंगळवार, दिवेलागण

हाताला अजून शेणाचा वास येतोय. खरं तर मी शेणाला हात लावलाच नाही, तात्यांच्या हातातला कागद तेवढा घेतला.

आमच्या अपार्टमेंटला लागून तात्यांचा गोठा आहे, आम्ही यायच्या कितीतरी आधीपासूनचा. गेल्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी नाकं मुरडली आणि पालिकेला द्यायचा अर्ज मी लिहिला. अक्षर चांगलं ना माझं. मी वडूजचा, गोठ्यातच वाढलेला. बाकीचे तरी कुठले? सगळे आसपासच्या खेड्यांतलेच. वास्तुशांतीला याच तात्यांची गाय पार्किंगमध्ये आणून आम्ही तिचे पाय धुतले, फोटो काढले. तेव्हा वास कुठं गेला होता?

आज तात्या पालिकेची नोटीस घेऊन माझ्याकडेच आले. "आवं गुरुजी, जरा वाचून दावा." सोबत आमच्या अर्जाची प्रत. 'असह्य दुर्गंधी' हे माझेच शब्द मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवले.

"खाली नावं हायत का?"

"नाहीत," मी म्हणालो. पहिली सही माझीच होती.

कागदाची घडी घालत ते म्हणाले, "बरं झालं. नाव कळलं असतं, तर त्याच्या दारात दूध घालायला जिवावर आलं असतं."

ते गेल्यावर मी दोनदा साबण लावला. वास जात नाही. माझी मलाच किळस येतेय. तरीही उद्या दूध घ्यायला दारात हिलाच पाठवायचं, हे आत्ताच ठरवून बसलोय.